वाळवणाचा फोल्डर

जागृतीनं ‘कोटेशन ऑगस्ट’ असं नाव असलेल्या फाइलवर बोट दाबून धरलं, लाल अक्षरांतल्या ‘डिलीट’वर टेकवलं, आणि खालच्या मजल्यावरून तिच्या थोरल्या दिरांचा, अभिमनभाऊंचा आवाज आला.

“माझं कोटेशन कुठं गेलं?”

तिनं लक्ष दिलं नाही. भाऊंचं रोज सकाळी काही ना काही हरवायचं. चष्मा, दुकानाच्या किल्ल्या, एकदा तर पायातली एकच चप्पल. आणि ते सापडेपर्यंत देवपूरच्या त्या गल्लीत कोणाला शांतता मिळायची नाही. तिच्या नव्या फोनमध्ये भलत्याच फाइली येऊन पडल्या होत्या. जुन्या फोनमधलं नव्यात भरताना दुकानदाराकडून काहीतरी घोळ झाला असेल, असं समजून ती केर काढायला बसली होती. तिनं पुढच्या फाइलवर बोट ठेवलं. ‘पाणबुडी मोटर रेट’. डिलीट.

“आरे! आता रेटबी गेला!” खालून पुन्हा आवाज आला. “डोळ्यासमोर गेला! माय, हाऊ फोन मन्हावर रुसना का काय?”

जागृतीचं बोट तसंच हवेत राहिलं.

तिनं यादी पुन्हा वरून खाली पाहिली. ‘सोनगीर सातबारा’. ‘दुकान भाडेपट्टा’. ‘बेअरिंग कंपनी नंबर’. या सगळ्या भाऊंच्या. आणि त्यांच्या मधोमध, भर बाजारात लेकरू उभं राहावं तसा, तिचा स्वतःचा फोल्डर होता. ‘वाळवण’.

इथे पुसलेलं खाली पुसलं जातं. भाऊंचं सगळं इथे दिसतं. मग आपलं?

ती पलंगावर होती तिथेच बसून राहिली.

फोन मुळात भाऊंचाच होता. त्यांनी नवा घेतला आणि गेल्या वर्षीचा आयफोन तिला दिला. तिच्या जुन्या फोनची काच इतकी तडकली होती की बोट कापायचं. पाचकंदीलजवळच्या दुकानात सगळी मंडळी उभी असताना दुकानदारानं विचारलं होतं, ताईंचा आयडी नवा काढू का? त्यावर भाऊ म्हणाले होते, “नवा कशाला? घरात एक हाये ना. आमचा रोट एक, आमचा आयडीबी एक.” दुकानदार हसला. जागृतीही हसली. दीपक, तिचा नवरा, मोठ्या भावाच्या विनोदाला नेहमी हसायचा तसा जरा जास्तच हसला.

रोट म्हणजे कानबाई देवीच्या नैवेद्याचा. श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा, तो घरीच दळायचा, आणि त्या पिठाचा घास भाऊबंदांखेरीज कोणाच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. शेजाऱ्याच्या नाही, पाहुण्याच्या नाही. दिलेल्या लेकीच्या तर नाहीच; तिचा रोट तिच्या सासरी. या घरात भावकी म्हणजे काय ते असं पिठानं ठरत होतं, आणि भाऊंच्या हिशेबानं फोनचंही त्याहून वेगळं काही नव्हतं. एक चूल, एक गॅसचं पुस्तक, एक आयडी.

दुसरी चूक जागृतीची स्वतःची होती. नव्या फोनमध्ये फाइली ठेवायच्या दोन जागा दिसत होत्या. एकीचं नाव ‘ऑन माय आयफोन’, दुसरीचं ‘आयक्लाउड ड्राइव्ह’. जुन्या फोनमध्येही अशाच दोन होत्या, फोनची मेमरी आणि कार्ड. जिवाची वस्तू कार्डात, हा तिचा नियम होता, कारण फोन मेला तरी कार्ड काढून पदराच्या गाठीत बांधता येतं. तिनं ही दुसरी जागा म्हणजेच कार्ड असं धरलं. या फोनला कार्डाचं भोकच नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण आत कुठेतरी बसवलेलं असेल असं तिला वाटलं. आणि तिनं ‘वाळवण’ उचलून मोठ्या काळजीनं तिथे नेऊन ठेवलं होतं.

नावही तिनं विचार करून दिलं होतं. पापड-कुरडयांच्या फोल्डरमध्ये कुठला पुरुष डोकावणार? आत पापडाचा एक फोटो होताही, सगळ्यात वर. त्याच्याखाली किरण होती.

किरण म्हणजे भाऊंची आणि दीपकची धाकटी बहीण. एरंडोलला दिलेली. होळीनंतरच्या एका पहाटे ती दोन वर्षांच्या देवूला कडेवर घेऊन नवऱ्याच्या, हितेंद्रच्या घरातून निघाली ती कोणाला सापडलीच नाही. फोल्डरमध्ये तिच्या पाठीचे फोटो होते, सुजलेल्या डोळ्याचा होता, दंडाचा होता. डॉक्टरांची चिठ्ठी होती. हितेंद्र दारापलीकडून ओरडत असतानाचं रेकॉर्डिंग होतं. आणि किरणनं कोणाकोणाच्या फोनवरून जागृतीला पाठवलेले आवाजातले निरोप होते. त्यातल्या एकात ती सांगत होती की वहिनी, असोद्याला खोली मिळाली, शाळेच्या मागं, निळं दार, जळगावला डाळमिलमध्ये कामाला जाते.

किरणचा स्वतःचा फोन हितेंद्रनं भिंतीवर फोडला होता. आता तिच्याकडे बटणांचा साधा डबा होता. जळगावच्या वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं, हे सगळं जपा, कोर्टात हेच बोलणार आहे. त्याची प्रत जगात एकाच ठिकाणी होती.

आणि भाऊ? भाऊंनी शब्द दिला होता. किरण त्याआधीही एकदा माहेरी आली होती, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, आणि जिन्यावरून पडले म्हणाली होती. भाऊंनी तिला चहा पाजला, देवूच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, दोघांना मोटरसायकलवर बसवलं आणि स्वतः नेऊन एरंडोलला सोडलं. “दिलेली लेक आहे. पंचांसमोर दिलीय,” एवढंच म्हणाले. ती पळाली तेव्हा ओसरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “सापडली की मी स्वतः नेऊन सोडतो.” भाऊ हात उगारणाऱ्यांतले नव्हते. ते बोललेलं करणाऱ्यांतले होते. जागृतीला त्याचीच धास्ती वाटायची. या घरात त्या दिवसापासून किरणचं नाव निघालं नव्हतं.

“जागृती!” खालून हाक आली. “जरा खाली ये. फोन समजणारं कोणी तरी या.”

हाक आली की जावं लागतं.

खाली ओसरीवर सासूबाई, पुष्पाबाई, गहू निवडत बसल्या होत्या. सगळं घर त्यांना अक्का म्हणायचं. उद्या कानबाई बसणार, म्हणून आज संध्याकाळी रोटाचा गहू मोजायचा होता. मोठ्या जाऊबाई मुलांना घेऊन पूजेच्या बाजाराला गेल्या होत्या. भाऊ खुर्चीत बसले होते आणि फोन हाताच्या अंतरावर धरून त्याच्याकडे संशयानं पाहत होते. उंच माणूस, पांढरा शर्ट, उजव्या मनगटात तांब्याचं जाड कडं.

“काय व्हयनं रे, इतला कसाले बोंबली ऱ्हायना?” अक्का मान वर न करता म्हणाल्या.

“कोटेशन होतं, आता नाही. शिरपूरचा माणूस दुकानात येऊन बसला असेल.” भाऊंनी फोन जागृतीपुढे केला. “बघ बरं.”

तिनं पदर सावरला आणि फोन घेतला. फाइलींची यादी उघडीच होती. सातबारा, भाडेपट्टा, बेअरिंग. आणि ‘वाळवण’. वर तिच्या फोनात होतं तसंच इथेही, त्याच जागी, त्याच निळ्या रंगात.

“पुसलेलं एका जागी जमा होतं भाऊ,” ती म्हणाली. “तिथून परत आणता येतं.”

तिनं ‘रीसेंटली डिलीटेड’ उघडलं. दोन्ही फाइली तिथे होत्या. तिनं त्या परत आणल्या, आणि आणता आणताच तिला दुसरी गोष्ट कळली. ‘वाळवण’ पुसून उपयोग नव्हता. पुसलं तर ते इथे येऊन पडेल, भाऊंच्या हातात, आणि आता तर तिनंच त्यांना वाट दाखवली होती.

“आलं का? वा!” भाऊंनी फोन घेतला. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग चष्म्यावरून तिच्याकडे. “काय गं, तुझं काही माझ्याकडं येतं का?”

“नाही भाऊ.”

“माझं तुझ्याकडं?”

“नाही.”

“हं,” भाऊ म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला, किल्ल्या घेतल्या आणि आग्रा रोडवरच्या दुकानाकडे निघून गेले. मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत जागृती तिथेच उभी होती.

“तोंड कसाले उतरनं तुन्हं?” अक्कांनी विचारलं.

“काही नाही अक्का. उपाशी आहे ना.”

“मंग खाई ले काही.”

ती वर आली आणि दाराला कडी लावली. अजून वेळ गेली नसेल, तिनं स्वतःला समजावलं. भाऊंना कोटेशनच्या पलीकडे फोनमधलं काही समजत नाही. ते पापडाच्या फोल्डरमध्ये कशाला जातील? तिनं ‘वाळवण’ उघडलं. पापडाचा फोटो. डॉक्टरांची चिठ्ठी. पाठ. डोळा. आणि दंड.

दंडाचा फोटो आडवा होता. किरणनं तो शेजारणीच्या फोनवरून एका हातानं घाईघाईनं काढला होता, आणि तेव्हापासून तो आडवाच होता. जागृतीला तो बघायचा झाला की मान वाकडी करावी लागायची. कोपरापासून खांद्यापर्यंत चटक्याचे डाग, आणि खाली तारीख. भाऊ तिला एरंडोलला सोडून आले, त्याच रात्रीची.

आता फोटो उभा होता. कोणीतरी तो नीट सरळ करून ठेवला होता.

जागृतीनं मान वाकडी करून पाहिली, जणू चूक आपल्या मानेचीच असेल. मग सरळ करून पाहिली. फोटो सरळच होता. घरात या आयडीचे फोन दोनच, एक तिच्या हातात आणि दुसरा आत्ताच मोटरसायकलवरून गेला होता. भाऊंनी तो पाहिला होता. उगाच बोट लागून उघडला गेला, असं नाही. फिरवून, सरळ करून, निवांत पाहिला होता. मग निरोपही ऐकले असतील. निळं दारही ऐकलं असेल.

तिनं फोनमध्ये ‘लता ब्लाउज’ या नावानं ठेवलेला नंबर लावला.

“वहिनी?” पलीकडून किरणचा आवाज आला. मागे डाळमिलची घरघर होती. “दिवसा कसा फोन केला?”

“किरण, ऐक. खोली बदल. आजच.”

“काय झालं?”

“भाऊंना कळलंय. माझ्या चुकीनं कळलं. माझं सगळं त्यांच्या फोनात दिसत होतं, मला माहीतच नव्हतं गं.”

मग किरण हळू आवाजात म्हणाली, “तरीच.”

“तरीच काय?”

“परवा एक माणूस आला होता म्हणे गल्लीत. मी कामावर होते. घरमालकीण सांगत होती. मोटरसायकल लावून उभा होता नुसता. देवू ओट्यावर चमच्यानं माती उकरत होता, त्याच्याकडं बघत होता. हिनं विचारलं, कोण पाहिजे? तर म्हणे, पाणी द्या. पाणी प्यायला आणि गेला.”

“कसा होता दिसायला?”

“उंच. पांढरा शर्ट. हातात कडं होतं म्हणाली.”

परवा भाऊ बेअरिंग आणायला जळगावला गेले होते. बेअरिंग न आणताच परतले होते, आणि जेवायला बसून अर्ध्या भाकरीवर उठले होते. जाऊबाईंनी विचारलं तर उन्हाचं नाव सांगितलं होतं. श्रावणातल्या उन्हाचं.

“तो एकटाच होता ना?” जागृतीनं विचारलं. “हितेंद्र नव्हता ना बरोबर?”

“एकटाच म्हणाली. वहिनी, भाऊ त्याला घेऊन येईल का गं?”

जागृतीनं दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“मी कुठं जाऊ?” किरण म्हणाली. “देवूला ताप आहे रात्रीपासून. मालकिणीकडं ठेवून आले. आज गेले नाही तर पगार कापतात. कुठं जाऊ मी, सांग.” मग तिचा आवाज एकदम कोरडा झाला. “तू ते सगळं पुसू नको फक्त. ते गेलं तर माझ्याकडं दाखवायला अंगावरचं तेवढं राहील. आणि ते आता बरं होत आलंय.”

फोन ठेवल्यावर जागृतीनं ‘वाळवण’वर बोट दाबलं आणि ‘मूव्ह’ केलं. क्लाउडमधून उचलून ‘ऑन माय आयफोन’मध्ये. इथे तरी फक्त आपल्या फोनात राहील. एक छोटं वर्तुळ आलं आणि हळूहळू भरू लागलं. वायफाय खाली होतं, वर रेंज धड येत नव्हती. वर्तुळ अर्ध्यावर अडलं. ती फोन घेऊन जिन्यात येऊन बसली, तेव्हा ते पुढे सरकलं. खाली अक्का सुपानं गहू पाखडत होत्या. त्या आवाजाच्या तालावर ती त्या वर्तुळाकडे बघत राहिली आणि मनात कानबाईला हात जोडत राहिली, की बाई, एवढं भरू दे. ते भरलं. क्लाउडमधली जागा रिकामी झाली. म्हणजे भाऊंच्या फोनातूनही ते गेलं.

आणि मग तिला कळलं की हे करून आपण काहीच वाचवलेलं नाही. फाइल काढून घेता येते, माणसानं पाहिलेलं कसं काढून घेणार? उलट आता भाऊंना हेही कळेल की हिनं लपवलं.

तिनं दीपकला फोन लावला. दीपक औषधांच्या कंपनीत होता, दौऱ्यावर नंदुरबारला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. दीपक वाईट नव्हता. पण भाऊंनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. त्यानं फोन उचलला. ती म्हणाली, “संध्याकाळी लवकर या, गहू मोजायचाय.” तो म्हणाला, “भाऊ मोजतील ना. मला उशीर होईल.” ती बरं म्हणाली.

दिवसभर तिनं घरात जे हाताला येईल ते काम केलं. दोनदा तवा घासला. गल्लीत मोटरसायकल वाजली की ती खिडकीशी जायची. भाऊ दुपारी जेवायला आलेच नाहीत, आणि ते कधी होत नसे. दुकानाच्या नंबरवर अक्कांनी फोन लावला तर तिथल्या माणसानं सांगितलं, भाऊ आहेत, आत बसलेत, कोणाला पाठवू नका म्हणालेत. एरंडोलहून कोणी दुकानात येऊन बसलं असेल का? की असोद्याला जायची गाडी ठरत असेल? प्रत्येक विचाराला तिच्या मनात निळं दार दिसायचं, आणि ओट्यावर चमचा घेऊन बसलेला देवू.

दिवे लागायच्या सुमाराला भाऊ आले. कोणाशी न बोलता आंघोळ केली, धुतलेला पायजमा घातला आणि ओसरीवर पाट टाकून बसले. अक्कांनी गव्हाची परात पुढे सरकवली. जाऊबाई आत स्वयंपाकात होत्या, मुलं टीव्हीपुढे. “जागृती, सुपडं धर,” अक्का म्हणाल्या.

ती सुपडं धरून बसली. भाऊंचा फोन पाटाशेजारी जमिनीवर होता.

पद्धत ठरलेली होती. भाऊंनी नाव घ्यायचं आणि मूठ घालायची. अक्कांनी वर पाव मूठ घालायची, म्हणजे ती सव्वा होते. अभिमन. कडं परातीच्या काठाला वाजलं, गहू सुपात पडला, अक्कांनी वर पाव घातली. दीपक. पुन्हा मूठ, पुन्हा पाव. भाऊंच्या थोरल्याचं नाव प्रेमराज, त्याची झाली.

फोन वाजला. पडद्यावर नाव आलं. ‘एरंडोल जावई’.

“हात गव्हाचे आहेत,” भाऊ म्हणाले. “जागृती, उचल. स्पीकर लाव.”

तिनं सुपडं मांडीवर टेकवलं आणि पडद्यावर बोट ओढलं. ते पहिल्यांदा लागलंच नाही. बोटाला घाम होता.

“भाऊ, राम राम.” हितेंद्रचा आवाज ओसरीभर झाला. “काही पत्ता लागना का? आमच्या गल्लीतला एक सांगे, जळगावकडं दिसनी म्हणून. म्हटलं तुम्हाले इचारू. तुमचं जानं-येनं राहतं तिकडं.”

अक्कांचा हात परातीत थांबला. भाऊंनी मान वर केली आणि फोनकडे न बघता जागृतीकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहत राहिले, असं तिला वाटलं. आता बोलतील. शाळेच्या मागं, निळं दार.

“जळगावला मी परवाच जाऊन आलो,” भाऊ म्हणाले. “सगळीकडं पाहिलं. नाही दिसली.”

“असोदा, नशिराबाद, तिकडं पाहिलं का?”

“तिकडंबी पाहिलं.”

“मंग सापडनी की तुम्ही सोता आनी द्या. तुमचा शब्द शे.”

“माझा शब्द माझ्या ध्यानात आहे,” भाऊ म्हणाले. “ठेवतो. रोट मोजतोय.”

त्यांनी खूण केली. जागृतीनं फोन बंद केला. सुपातले चार दाणे तिच्या पायाशी सांडले होते, ती ते वेचायला वाकली. वर बघायची तिची हिंमत होईना.

“जागृती.”

“जी.”

“सकाळपासून माझ्याकडं वाळवण दिसत नाही.”

तिच्या बोटांतला दाणा पुन्हा खाली पडला.

“परत ठेव तिथं,” भाऊ म्हणाले. “असल्या गोष्टी एकाच फोनात ठेवू नयेत. पडतो, फुटतो. तिचा फुटला ना?”

“हो.”

“दोन्हीकडं राहू दे.”

अक्कांनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि एकदा सुनेकडे. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. भाऊंनी धाकट्या मुलाचं नाव घेतलं आणि त्याची मूठ घातली. अक्कांनी वर पाव घातली आणि सुपडं घ्यायला हात पुढे केला.

भाऊंनी परातीत पुन्हा हात घातला. या खेपेला त्यांनी नाव घेतलं नाही. मूठ भरून सुपावर आणली आणि तशीच धरून ठेवली.

“बठ्ठासना व्हयनात ना रे?” घरातल्या सगळ्या पुरुषांच्या मुठी झाल्या होत्या, म्हणून अक्कांनी विचारलं. “आते कोन ऱ्हायनं?”

किरणला आणि देवूला ज्या मोटरसायकलवरून एरंडोलला सोडलं होतं, तिच्याकडे भाऊंनी एकदा पाहिलं. मूठ इतकी घट्ट आवळली होती की बोटांच्या पेरांवर पांढरं चढलं होतं. मग त्यांनी ती उघडली. गहू सुपात पडला.

अक्कांनी त्या ढिगाकडे पाहिलं. जागृतीनं सुपडं जरा त्यांच्याकडे सरकवलं. मग अक्कांनी परातीतून पाव मूठ घेतली आणि हळूच वरून घातली.